खुणा जुळल्या तरी

४ फेब्रुवारी

दादा,

पत्रास कारण एक बोल्ट.

माझ्या बोटाएवढा लांब, बारा नंबरच्या पान्याचा, मानेला वॉशर गंजून चिकटलेला. तू जाताना रंगाच्या रिकाम्या डब्यात जे जे टाकून गेलास ते सगळं मी जुन्या चादरीवर मांडून बसले आहे. बाकीचे बोल्ट बघितले की कळतं कुठले. हा मुका आहे. कुठेही घातला तरी एक तर लांब पडतो, नाही तर अर्ध्यात अडकतो. हा कुठला, तेवढं कळव. खुशालीबिशाली मला नको आहे. तुलाही नको असणार, नाही तर दोन वर्षांत एखादी ओळ आली असती.

हो, मी गाडीचे टायमिंग बेल्ट, इंजिनाचे ते दातेरी पट्टे, घालते आहे. हस. पोटभर हसून झालं की पुढे वाच.

तू गेलास तेव्हा गाडी होती तशीच शेडमध्ये उभी आहे. बॉनेट वर, उजवं चाक काढलेलं, खाली लाकडाचे ठोकळे, दोन्ही पट्टे उतरवलेले. जाता-येता तिच्याकडे न बघता सायकल काढायची सवय मला लागली होती. बाबा तर तिकडे फिरकतसुद्धा नाहीत. मागच्या आठवड्यात मीच जाऊन तिच्यावरची धूळ झटकली आणि मला आधी तुझा राग आला, मग पट्ट्यांचा. जुने पट्टे दाखवून पार्ट्सच्या दुकानातून नवे आणलेत, मोठा आणि धाकटा, दोन्ही.

गॅरेजवाल्यांना विचारलं नाही असं नाही. पहिला म्हणाला, "दोन पट्ट्यांचं इंजिन? बाई, त्यापेक्षा मला शाप द्या." दुसऱ्याने गाडीचं वर्ष ऐकूनच हात जोडले. तिसरा म्हणाला, ओढून आणा, पण कधी होईल ते विचारायचं नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पट्ट्यांविषयी एकच वाक्य आहे: अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा. त्या केंद्राच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे.

गाडी कशाला हवी, तर बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला. काचबिंदू वाढला आहे. समोरचं अंधुक दिसतं, कडेचं जवळजवळ गेलंय. दाराची चौकट खांद्याला लागते तेव्हा ते चौकटीला रागावतात. बसमध्ये चढताना मला भीती वाटते. एवढंच कारण आहे. महिनाअखेरीच्या आत व्हायला हवी, एवढंच.

पत्र लिहिते आहे, कारण पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही.

धाकटी


१२ फेब्रुवारी

दादा,

बोल्टचं घर सापडलं. तुझ्या उत्तराशिवाय.

इंजिनाला उजवीकडून धरून ठेवणारा तो जाड कंस आहे ना, त्याचा मागचा. बाबांनी सांगितलं. मी जेवणाच्या टेबलावर तो बोल्ट आपटून म्हटलं, "हे कार्टं कुठलं?" त्यांनी हातात घेतला, डोळ्यांजवळ नेलासुद्धा नाही, नुसता अंगठा फिरवला. म्हणाले, "कंसाचा. मागचा. हा सगळ्यात शेवटी लावायचा, नाही तर जॅक सरकवून परत पहिल्यापासून."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचं स्टूल उचलून शेडच्या दारात येऊन बसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, आता बोलणी खायची. पण नाही. उन्हाकडे पाठ करून बसतात आणि ऐकतात. पाणीपुरवठ्यात जन्मभर पंप चालवलेले कान आहेत.

"चौदाचा घेतलास का?"

"हो."

"बाराचा घे. घसरतोय."

घसरतच होता! मला इतका राग येतो. डोळे माझे, हात माझे, गुडघे माझे सोलून निघालेत आणि चूक त्यांना दारात बसून कळते.

वरच्या दोन चाकांनी तर मला रडवलंय. तुला माहीत आहे ती. एकाची खूण जुळवून हात काढला की दुसरं आतल्या स्प्रिंगच्या जोराने फटकन पळतं. परवा मधे माझं बोट होतं. नख काळंनिळं झालंय. त्या वेळी मी जे बोलले ते बाबांनी ऐकलं. "हॉस्पिटलात हेच शिकवतात का?" म्हणाले. मग जरा वेळाने, "कागदांना लावायचे मोठे चिमटे आण. पट्टा चाकावर चिमट्याने धरून ठेवायचा, म्हणजे पळत नाही."

एवढं साधं होतं! मी अख्खी सकाळ त्या चाकांशी कुस्ती खेळले होते. मी विचारलं, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी विचारलं नव्हतंस."

तुझ्या बापाचं डोकं, दुसरं काय. माझाही आहे, पण आज तुझा.

तरी खरं सांगू, बरं वाटतंय. दोन वर्षांत आम्ही दोघं औषधं आणि वरणात मीठ यापलीकडे काही बोललो नव्हतो.

हे पाकिटात घालत होते तोवर तुझं कार्ड आलं. "हात लावू नकोस. एक दात इकडेतिकडे झाला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतील आणि इंजिन भंगारात जाईल. पुढच्या आठवड्यात मी येतो आणि लावून देतो." खाली सही नाही, बाबांचा उल्लेख नाही. असू दे. थांबते. ये.

धाकटी


२१ फेब्रुवारी

दादा,

तू आला नाहीस.

मी गाडीवर चादर घातली. हत्यारं पुसून ठेवली. माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. बाबांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना गादी झोडपल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी काही न बोलता दाढी करून बसले, गालावर दोन ठिकाणी कापून घेतलं. त्यानंतर रोज एकदा, अगदी सहज, "दुपारच्या बसची वेळ बदलली का गं?" रोज! मी रोज म्हणायची, नाही बाबा, तीच आहे. परवापासून विचारायचे थांबले. ते मला जास्त लागलं.

तुला यायचं नव्हतं तर "हात लावू नकोस" हे तरी कशाला लिहिलंस? स्वतः करायचं नाही, दुसऱ्याला करू द्यायचं नाही. माझा अख्खा आठवडा खाल्लास. आणि माझ्याकडे आठवडे नाहीत.

आता सांगूनच टाकते. डोळ्यांचा दवाखाना वगैरे खरं आहे, पण गाडी त्यासाठी नाही. मला नोकरी मिळाली आहे. फिरती परिचारिका. घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, औषधं बघायची. शहराबाहेरची वस्ती, टेकडीपलीकडची घरं, बस जात नाही अशी. स्वतःचं वाहन ही पहिली अट. त्यांच्या पर्यवेक्षिका बाई मला फाटकात भेटून गेल्या, कागद देऊन गेल्या. "गाडी आहे ना?" विचारलं. मी म्हटलं, आहे. खोटं नाही. चालते का, असं त्यांनी विचारलं नाही.

तू गेलास त्याच महिन्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी हॉस्पिटलची नोकरी सोडली. तात्पुरती. हा तात्पुरता शब्द ज्याने शोधून काढला त्याला माझ्यासमोर उभा करा. तू विचारलं नाहीस घरी कोण थांबणार. बाबांनीही विचारलं नाही. मी थांबले आणि सगळे धरून चालले की ही थांबतेच.

सकाळी आठ ते दुपारी चार. शेजारच्या शिंपीणबाई दुपारी डोकावायला तयार आहेत. बाबा घरात सराईत आहेत, चहा स्वतः करतात, फक्त रस्त्यावर एकटं जायचं नाही. जमेल. पण त्यांना अजून सांगितलेलं नाही. गाडी चालू झाली की सांगेन. नाही झाली तर सांगायला काही राहणारच नाही.

उद्या मी पट्टा घालते आहे. व्हॉल्व्ह वाकले तर वाकले. निदान माझ्या हाताने वाकतील.

धाकटी


२७ फेब्रुवारी

दादा,

आधी चांगलं. धाकटा पट्टा बसला. मोठा बसला, चिमटे लावून, खालून वर, एक एक दात. खालच्या क्रँकच्या चाकाची खूण, वरच्या दोन चाकांच्या खुणा, तेलाच्या पंपाच्या चाकाची खूण, सगळ्या समोरासमोर. ताण दिला. हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवून परत खुणा बघितल्या. जुळल्या. कुठे काही आपटलं नाही, अडलं नाही. पुली चढवली, कंस लावला, तो मुका बोल्ट शेवटी लावला. बॅटरी जोडली. किल्ली फिरवली आणि दादा, ती लागली! एका दमात लागली. मी शेडमध्ये एकटीच किंचाळले.

आता वाईट. ती थरथरते आहे. साधी नाही. स्टिअरिंगवर हात ठेवला की दात वाजतात. आरसा इतका हलतो की मागचं काही दिसत नाही. जरा रेस केली तर शेडच्या पत्र्यालाही कंप सुटतो. थंडीतापासारखी थडथड.

बंद केली. कव्हर काढलं. खुणा बघितल्या. जुळलेल्या. परत लावली. थडथड. पट्टा उतरवून पहिल्यापासून घातला. अख्खा दिवस. खुणा जुळलेल्या. थडथड.

मी बाबांना विचारलं. नीट विचारलं, समोर बसून. "बाबा, खुणा सगळ्या जुळतात, तरी ही का थरथरते?"

"सगळ्या जुळतात?"

"सगळ्या. पंपाचीसुद्धा."

त्यांनी स्टूल जरा मागे सरकवलं. मग म्हणाले, "खुणा जुळल्या ना? मग तुझं काम बरोबर आहे. इंजिनाचंच वय झालं. दे सोडून. भंगारवाल्याला बोलाव."

"पण ही बंद पडायच्या आधी थरथरत नव्हती."

"माणसंही बंद पडायच्या आधी थरथरत नाहीत." आणि स्टूल उचलून आत गेले.

हातातला पाना मी भिंतीवर फेकणार होते. मग भिंतीवर तो खळगा दिसला. तुझा. तू तेव्हा फेकला होतास तिथलं प्लास्टर अजून उडालेलं आहे. दादा, तुझंही हेच झालं होतं ना? लावलीस, थरथरली, परत उघडलीस. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. बाबा म्हणाले होते, "ज्याला एक पट्टा धड बसवता येत नाही तो गॅरेज काढणार." मग पाना आपटल्याचा आवाज आला. मी बाहेर येईपर्यंत तू चपला घालत होतास.

पर्यवेक्षिका बाईंकडे जाऊन आले. म्हटलं, गाडीचं थोडं काम निघालंय. त्या म्हणाल्या, दहा तारखेपर्यंत थांबते, मग दुसरी बाई बघावी लागेल. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तुला जर काही माहीत असेल तर कळव. एक ओळ. या वेळी येतो म्हणू नकोस.

धाकटी


८ मार्च

दादा,

हे पत्र टाकावं की नाही यावर माझं दोन दिवस स्वतःशी भांडण चाललं होतं. टाकते आहे, कारण न टाकणं म्हणजे बाबांनी केलं तेच मी करणं.

पार्ट्सच्या दुकानात गेले होते, कंसाचं रबर घ्यायला. मला वाटलं थरथर त्या रबरामुळे असेल. दुकानातल्या बाईंनी मी काय करते आहे ते ऐकलं आणि विचारलं, "मागच्या भोकात पेचकस घालून बघितलात ना?"

"कुठलं भोक?"

"अहो, ब्लॉकच्या मागे एक बोल्ट आहे, तो काढला की भोक दिसतं. थरथर मारायला आत दांडे असतात ना, त्यातला एक पंपाच्या चाकावर फिरतो. बाहेर खूण जुळते, पण आत दांडा उलटा असू शकतो. पेचकस घालून बघायचं. मुठीपर्यंत गेला तर दांडा बरोबर. दोन बोटांवर अडला तर चाक एक फेरा फिरवायचं. खूण परत तिथेच येते, पण दांडा सरळ झालेला असतो."

मी नुसती बघत राहिले.

"मी नाही हो हुशार," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या वडिलांनीच सांगितलंय. पूर्वी या गाडीवाले सगळे त्यांनाच विचारायला जायचे. तुम्ही घरात विचारलं नाही का?"

घरी कशी आले मला आठवत नाही. बाबा अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते, एका हाताने दोरी धरून दुसऱ्याने चाचपत.

"बाबा, ब्लॉकच्या मागे भोक आहे?"

त्यांचा हात थांबला. "आहे."

"त्यात पेचकस घालतात?"

"घालतात."

"तुम्हाला माहीत होतं."

"या इंजिनाचं मला काय माहीत नाही?"

"मग मी विचारलं तेव्हा? इंजिनाचं वय झालं म्हणालात! भंगारवाला बोलाव म्हणालात!"

ते टॉवेलाची घडी घालायला लागले. कडा जुळेनात, परत उलगडला, परत घातली.

"आणि दादा?" मी म्हटलं.

"त्याने विचारलं नव्हतं."

"म्हणून सांगितलं नाहीत?"

"त्याला विचारायचंच नव्हतं. त्याला मला दाखवायचं होतं. म्हटलं, दाखव. अडेल आणि येईल. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल. एक शब्द विचारला असता..."

"एक शब्द तुम्ही सांगितला असता तर?"

त्यांनी टॉवेल तसाच छातीशी धरला.

"मी तर विचारलं होतं, बाबा. मला का नाही सांगितलंत?"

"ती बाई आली होती ना," ते म्हणाले. "टाचांचे बूट घालून. तुम्ही फाटकात बोलत होतात. मला दिसत नाही. ऐकू येतं."

"मग?"

"मग काय? गाडी झाली की तू जाणार."

"चार वाजता परत येणार होते मी! रोज! चार वाजता!"

"तोही जरा बाहेर जाऊन येतो म्हणाला होता."

मी आत गेले आणि घासलेली भांडी परत घासली. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. ओरडावं तर समोर एक म्हातारा टॉवेल छातीशी धरून उभा. न ओरडावं तर माझी दोन वर्षं आणि तुझं सगळंच. ओरडले नाही. रात्रीचं जेवण वाढलं, त्यांच्या पानाशेजारी गोळ्या ठेवल्या, आणि एक अक्षर बोलले नाही.

सकाळी शेडमध्ये गेले तर ते आधीच तिथे. स्टुलावर नाही, गाडीजवळ, ब्लॉकच्या मागे हात घालून वाकलेले. तो बोल्ट काढून खिशात ठेवला होता. हातात लांब पेचकस.

"पुली काढ," म्हणाले.

पुलीचा बोल्ट निघेना. मीच घट्ट केलेला, रागाच्या भरात, कधीच सुटू नये असा. पान्याला नळी लावली, तिच्यावर लोंबकळले, नळी वाकली. जाड नळी आणली. पाचवा गियर टाकून ब्रेकवर वीट ठेवली, तीही सरकली. शेवटी बाबा म्हणाले, "तू ब्रेकवर बस. नळी मी दाबतो."

"तुमचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांवर जोर द्यायचा नाही."

"मग दोघं दाबू. वीट नीट ठेव."

म्हणून आम्ही दोघं एका नळीवर, त्यांचे हात माझ्या हातांशेजारी, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि दोघं तोंडाने हुंकार देतोय. काडकन आवाज आला. मला वाटलं काही तरी तुटलं. बोल्ट सुटला होता. आम्ही दोघं शेडच्या भिंतीवर जाऊन आदळलो. ते आधी हसले. मी हसले नाही. नंतर हसले.

पेचकस दोन बोटं जाऊन अडला. पंपाचं चाक एक फेरा फिरवलं. खूण बरोब्बर त्याच जागी परत. या वेळी पेचकस सरळ आत गेला, मुठीपर्यंत. बाबांनी माझा हात धरून मुठीवर ठेवला आणि म्हणाले, "हे लक्षात ठेव. हे हातालाच कळतं." पट्टा चढेपर्यंत तो पेचकस त्यांनी तसाच धरून ठेवला. मान अवघडली, तरी सोडला नाही.

आता ती इतकी शांत चालते की मी दोनदा किल्ली फिरवून बघितली, बंद तर नाही पडली.

दादा, मावशी सांगत होती की तू तिकडे गोदामात खोकी मोजतोस. गॅरेजसाठी बघितलेली जागा तू सोडून दिलीस आणि इंजिनाला पुन्हा हात लावला नाहीस. म्हणून लिहिते आहे. तुझ्या खुणा जुळल्या होत्या. तू चुकला नव्हतास. सांगितल्याशिवाय कुणाला कळणारच नाही अशी एक गोष्ट होती, आणि ज्याला माहीत होती तो दारात बसून तुझी वाट बघत होता.

मला तुझा राग होता तो अजून आहे. पण तो आता न येण्याचा आहे. जाण्याचा नाही.

धाकटी


१९ मार्च

दादा,

हे गाडीत बसून लिहिते आहे. दोन रुग्णांच्या मधे थोडा वेळ मिळाला. समोर टेकडी, काचेवर धूळ, शेजारच्या सीटवर बँडेजचं खोकं. पहिल्या दिवशी चढावर गाडी बंद पडेल म्हणून मी इतकी घाबरले होते की दुसऱ्या गियरमध्येच सगळा चढ चढले. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. आता तिसऱ्यात चढते.

तुझं कार्ड आलं. एवढी पत्रं लिहिली मी, आणि तुझी एक ओळ: "त्यांना सांग, आता मला काही विचारायचं नाही."

ते मी त्यांना वाचून दाखवलं. लपवणार होते. पण आपल्या घरात लपवून काय झालंय ते बघितलं. त्यांनी ऐकलं. कार्ड मागून घेतलं, हातात धरून बसले, जणू बोल्टसारखं अंगठ्याने कळेल. मग म्हणाले, "कागद घे. लिही."

मी घेतला.

"पंपाच्या चाकाची खूण जुळली तरी थांबायचं नाही. ब्लॉकच्या मागचा बोल्ट काढून पेचकस घालायचा. मुठीपर्यंत गेला पाहिजे. अडला तर चाक एक फेरा पुढे. पेचकस आत ठेवूनच पट्टा चढवायचा. मग काढायचा. बोल्ट परत लावायला विसरायचं नाही."

"लिहिलं."

"वाच."

वाचलं.

"एक राहिलं," ते म्हणाले. ओठ हलत होते. गुडघ्यावरचा हात उघडत होते, मिटत होते. शेवटी म्हणाले, "ते तू लिही ना."

"काय लिहू?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. पण मी नाही लिहिणार. ते तुमचं आहे."

चिडले. घरात कोणी धड ऐकत नाही म्हणाले, चौकटीला खांदा आपटून आत निघून गेले. म्हणून त्यांनी सांगितलेलं तेवढंच वर उतरवलं आहे, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तुला त्याचा उपयोग नाही, मला ठाऊक आहे. तरी त्यांनी तुला सांगितलं, एवढं तुला कळावं.

मी अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही. सकाळी डबा भरते, त्यांचं ताट झाकून ठेवते, निघते. ते फाटकापर्यंत येतात आणि गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथेच उभे राहतात, असं शिंपीणबाई सांगतात. चार वाजता मी परत येते तेव्हा दर वेळी त्यांना आश्चर्य वाटलेलं मला दिसतं. रोज. मला त्याचाही राग येतो आणि गंमतही वाटते.

काल आले तर ते बैठकीत फोनजवळच्या खुर्चीत बसले होते. फोन तिरका ठेवलेला.

"कोणाचा होता?"

"कोणाचा नाही. मावशीकडून एक नंबर घेतला होता. पाठ झालाय का बघत होतो."

"म्हणा बघू."

त्यांनी म्हटला. तुझाच. फक्त शेवटचे दोन आकडे उलटे. मी सरळ करून सांगितले. तेवढंच केलं, त्यापुढे काही नाही. लावून दिला नाही, आणि देणारही नाही.

सकाळी आठ ते चार घरात ते एकटे असतात.

दादा, फोन वाजला तर उचल.

धाकटी